आठशे पानांत काय नव्हतं: एफबीआयच्या केस-फाइल प्रणालीचं प्रकरण

नोव्हेंबर २००२मध्ये अमेरिकेच्या एफबीआयसाठी एक रिक्वायरमेंट डॉक्युमेंट तयार झालं. पानं आठशेहून जास्त. तपासाच्या फाइली कागदावरून संगणकावर आणणाऱ्या नव्या प्रणालीत काय काय हवं, ते त्यात लिहिलं होतं. कुठल्या स्क्रीनवर कुठलं बटण, इथपर्यंत तपशील होता. एप्रिल २००५मध्ये ती प्रणाली देशभर एकदाही सुरू न होता गुंडाळली गेली. तिचं नाव व्हर्च्युअल केस फाइल. तिच्यावर १७ कोटी डॉलर खर्च झाले आणि त्यातल्या १० कोटींहून अधिक रकमेतून पुढे कामाला येईल असं काहीच हाती लागलं नाही, असं संस्थेचे संचालक रॉबर्ट म्युलर यांना अमेरिकी काँग्रेससमोर सांगावं लागलं.

एखाद्या संस्थेसाठी खास डेटाबेस बांधून देणाऱ्यांमध्ये हे प्रकरण सहसा एका ओळीत सांगितलं जातं: कागदी विश्लेषणाने बुडवलं, पुढे अजाइलने, म्हणजे छोट्या फेऱ्यांत बांधत आणि दाखवत जाण्याच्या पद्धतीने, तारलं. मला ही मांडणी अर्धवट वाटते, आणि तिच्यावर विसंबून कामं घेणारी तरुण मुलं बघितली की काळजी वाटते. आठशे पानं लिहिली म्हणून हा प्रकल्प बुडाला नाही. जे कागदावरच ठरायला हवं होतं ते त्या पानांत नव्हतं, आणि जे हाताळून बघितल्याशिवाय कळूच शकत नाही ते मात्र तिथे ठासून भरलं होतं. पुढचं सगळं विवेचन या एका मुद्द्याभोवती आहे.

जुनी प्रणाली आणि २००१ साल

एफबीआयकडे ऑटोमेटेड केस सपोर्ट, म्हणजे एसीएस, ही प्रणाली १९९५पासून होती. सुरू झाली तेव्हाच ती जुनी होती. आयबीएमचा मेनफ्रेम (मोठा मध्यवर्ती संगणक), अडाबास डेटाबेस, ‘नॅचरल’ नावाची प्रोग्रामिंगची भाषा आणि समोर हिरव्या अक्षरांची स्क्रीन. एक कागद आत घालायला बारा स्क्रीन ओलांडाव्या लागत. साहजिकच एजंट तिला टाळत. अधिकृत फाइल कागदाचीच राहिली आणि एसीएसमध्ये जे जाई ते उशिरा आणि अपुरं.

२००१मध्ये लागोपाठ तीन गोष्टी घडल्या. फेब्रुवारीत रॉबर्ट हॅन्सन हा एफबीआयचाच अधिकारी रशियासाठी हेरगिरी करताना पकडला गेला. आपल्यावर संशय आहे का हे तपासायला तो एसीएसमध्ये स्वतःचं नाव आणि घरचा पत्ता शोधत असे. मे महिन्यात ओक्लाहोमा सिटी बॉम्बस्फोटाच्या खटल्यातली तीन हजारांहून अधिक पानं बचाव पक्षाला दिलीच गेली नव्हती, असं उघड झालं. त्यातला दोषी टिमोथी मॅकव्हे याच्या मृत्युदंडाची अंमलबजावणी १६ मेवरून ११ जूनवर ढकलावी लागली. जुलैत फिनिक्सच्या एका एजंटने विमान चालवण्याचं प्रशिक्षण घेणाऱ्या काही संशयितांबद्दल टिपण पाठवलं. ऑगस्टमध्ये मिनेसोटात झकारिया मुसावी पकडला गेला, तोही विमानाचं प्रशिक्षण घेत असताना. हे दोन धागे कोणाच्याच स्क्रीनवर एकत्र आले नाहीत.

डेटाबेस बांधणाऱ्याच्या नजरेतून या घटनांकडे पाहू. हॅन्सनची घटना सांगते की कोणी काय पाहिलं याची नोंद हवी आणि काही फाइली बहुतेकांपासून झाकून ठेवायला हव्यात. फिनिक्सची घटना सांगते की एका कार्यालयातला कागद दुसऱ्याला न मागता सापडायला हवा. या दोन गरजा एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. त्यांचा मेळ कसा घालायचा हे बटणाच्या जागेवरून ठरत नाही. परवानगी फाइलवर द्यायची, फाइलमधल्या एकेका कागदावर द्यायची, की कागदातल्या नावावर, हे डेटाबेसची टेबलं बांधायच्या आधी ठरवावं लागतं. नंतर बदलायला गेलं की घर पाडूनच पाया दुरुस्त करावा लागतो.

काम कसं वाढलं

ट्रिलॉजी नावाच्या मोठ्या आधुनिकीकरणाला काँग्रेसने २०००च्या अखेरीस तीन वर्षांसाठी सुमारे ३८ कोटी डॉलर मंजूर केले. नवे संगणक, नवं नेटवर्क आणि नवं सॉफ्टवेअर असे त्याचे तीन भाग. सॉफ्टवेअरचं काम जून २००१मध्ये एसएआयसी या कंपनीला मिळालं. तेव्हा काम मर्यादित होतं: पाच जुन्या प्रणाल्यांना वेबचा चेहरा द्यायचा.

११ सप्टेंबरच्या विमानहल्ल्यांनंतर चित्र पालटलं. डिसेंबरमध्ये ठरलं की जुन्याला चेहरा देण्यात अर्थ नाही, एसीएस टाकून द्यायची आणि नवी प्रणाली मुळापासून बांधायची. काम कित्येक पटींनी वाढलं, आणि मुदत मात्र अलीकडे ओढली गेली. करार ‘जो खर्च होईल तो, आणि वर मोबदला’ या धर्तीचा होता, तो तसाच राहिला.

मग २००२च्या पूर्वार्धात सहा महिने बैठका चालल्या. प्रत्यक्ष तपास करणारे एजंट आणि कंपनीचे अभियंते एकत्र बसायचे. काम कसं चालतं ते एजंट सांगायचे आणि स्क्रीन कशा असाव्यात तेही रेखाटायचे. या पद्धतीला जॅड सत्रं म्हणतात. वापरणाऱ्यांना इतका वेळ समोर बसवणं फार कमी प्रकल्पांना साधतं, आणि त्याचं श्रेय त्या लोकांना द्यायलाच हवं. पण फळ्यावर काढलेली स्क्रीन वापरणाऱ्याला कधी अडवत नाही. ती हळू चालत नाही, चुकीचं नाव दाखवत नाही, सुपरवायझर रजेवर असला तर अडकून पडत नाही. फळ्यासमोर सगळे माना डोलावतात. त्या होकारांची आठशे पानं झाली.

फाइल म्हणजे नक्की काय?

आता थोडं सावकाश जाऊ, कारण प्रकरणाचा गाभा इथे आहे.

एफबीआयच्या केस नंबरचे तीन भाग असतात: गुन्ह्याचा वर्ग, मूळ कार्यालय आणि अनुक्रमांक. वर्ग ९१ म्हणजे बँकेवरचा दरोडा, ६५ म्हणजे हेरगिरी. देशात तेव्हा ५६ फील्ड ऑफिसं होती. फाइलमध्ये लागलेल्या प्रत्येक कागदाला क्रमांक पडतो, त्याला ते सीरियल म्हणतात. आपल्याकडच्या आवक क्रमांकासारखंच, एकदा पडला की पडला. साक्षीदाराशी झालेलं बोलणं एफडी-३०२ नावाच्या फॉर्मवर लिहिलं जातं आणि ते पुढे न्यायालयात पुराव्यासाठी येऊ शकतं. एका कार्यालयाने दुसऱ्याला ‘अमुक माणसाला भेटून या’ असं काम सोपवलं तर त्याला लीड म्हणतात. कागदात आलेली नावं, पत्ते, गाड्यांचे नंबर वेगळे काढून त्यांची सूची करतात, ते इंडेक्सिंग.

एवढं कळलं की डेटाबेसवाल्याच्या डोक्यात प्रश्नांची रांग लागायला हवी. एकच ३०२ दोन केसमध्ये लागला तर तो एक कागद की दोन? त्याला दोन सीरियल पडले आणि एका केसवर बंदी असली, तर दुसऱ्या केसमधून तो दिसावा का? मंजुरीआधीचा मसुदा हा फाइलचा भाग आहे का? बचाव पक्षाने सगळे कागद मागितले तर मसुदे द्यायचे का? मॅकव्हेच्या खटल्यात पोळल्यानंतर हा प्रश्न पुस्तकी राहिला नव्हता. मंजूर झालेला कागद दुरुस्त करायचा तर जुना पुसायचा, की नवा सीरियल देऊन शेजारी लावायचा? दोन कार्यालयांनी एकाच माणसाचं नाव दोन स्पेलिंगांनी नोंदवलं तर तो माणूस एक की दोन, आणि हे कोण ठरवणार? एसीएसमधल्या जुन्या नोंदी या नव्या साच्यात बसतील का, आणि न बसणाऱ्यांचं काय?

यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर स्क्रीन काढून मिळत नाही. सगळे प्रश्न फाइल हातात घेऊन, रेकॉर्ड सांभाळणाऱ्या माणसाशेजारी बसून सुटतात. मी हे काम असं केलं असतं: तीन वेगवेगळ्या कार्यालयांतून तीन बंद झालेल्या केस मागवायच्या. एक दरोड्याची, एक हेरगिरीची आणि एक अशी की जिच्यात लीड चार कार्यालयांत फिरलेत. मग प्रत्येक कागदाचा प्रवास जन्मापासून कपाटापर्यंत बोटाने फिरवून बघायचा. चार जाणत्या माणसांचं हे काही आठवड्यांचं काम आहे. त्यातून चाळीसेक पानं निघतील, आणि ती त्या आठशे पानांपेक्षा जड भरतील.

हे का झालं नाही, याची कारणं सरकारी तपासणीत नोंदली आहेत. संस्थेकडे तिच्या एकूण माहिती-व्यवस्थेचा आराखडाच नव्हता. माणसंही टिकत नव्हती. महत्त्वाच्या जागांवर पंधरा जण येऊन गेले, त्यांत माहिती-तंत्रज्ञानाचे पाच प्रमुख आणि दहा प्रकल्प व्यवस्थापक. रचनेचं विश्लेषण कोणाच्या तरी डोक्यात मुरावं लागतं. डोकीच बदलत राहिली तर कागदावर फक्त याद्या उरतात.

आठ तुकड्या, चारशे बदल

मुदत गाठायची म्हणून कंपनीने आठ तुकड्या समांतर कामाला लावल्या. आठ तुकड्यांना एकत्र बांधून ठेवते ती मधली डेटारचना. तीच पक्की नसेल तर प्रत्येक तुकडी ‘कागद’, ‘व्यक्ती’, ‘मंजुरी’ या शब्दांचा आपापला अर्थ लावते आणि जोडणीच्या दिवशी ते अर्थ एकमेकांवर आदळतात. सात लाखांहून अधिक ओळींचा कोड लिहून झाला.

दरम्यान एजंटांना तयार स्क्रीनचे तुकडे दिसू लागले आणि बदलांची रीघ लागली. दिवसाला एकाहून जास्त, एकूण जवळपास चारशे बदल मागितले गेले, असं कंपनीने काँग्रेसला सांगितलं. कंपनीच्या मते हा ग्राहकाचा धरसोडपणा होता. मला यात ग्राहकाचा दोष फारसा दिसत नाही. माणसाला चालती गोष्ट समोर आली की मगच आपल्याला काय हवं ते कळतं, आणि हे चारशे बदल म्हणजे उशिरा झालेलं प्रोटोटाइपिंग, म्हणजे नमुना हाताळून पारखणं, होतं. हेच बदल २००२च्या उन्हाळ्यात, फेकून देता येईल अशा कच्च्या नमुन्यावर आले असते तर त्यांची किंमत एका दुपारची असती. २००३मध्ये ते आठ तुकड्यांच्या पक्क्या कोडवर आले, आणि प्रत्येक बदलाने कुठलातरी दुसरा सांधा उखडला.

डिसेंबर २००३मध्ये प्रणाली हाती आली आणि एफबीआयने ती नाकारली. आधी १७ मोठे दोष, ते सुटे करून ५९. वाद लवादाकडे गेला. लवादाने ५९पैकी ४० चुका कंपनीच्या ठरवल्या आणि १९ बाबतींत एफबीआयने मागणीच बदलली होती असं म्हटलं. हा निवाडा मला महत्त्वाचा वाटतो. इतकी पानं लिहूनही तिसऱ्या माणसाला एकेक मुद्दा घेऊन ‘हे मागितलं होतं की नव्हतं’ ठरवत बसावं लागलं. आणखी एक वर्ष आणि पाच कोटींहून अधिक डॉलर द्या, पुरं करून देतो, असं कंपनी म्हणाली. एफबीआयने नकार दिला.

मे २००४मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने आणखी एका धोक्यावर बोट ठेवलं होतं. बेत असा होता की एका दिवशी एसीएस बंद आणि दुसऱ्या दिवशी नवी सुरू. मागे फिरायची वाट ठेवलेलीच नव्हती. हजारो तपास चालू असलेल्या संस्थेत हे किती भयंकर ठरलं असतं, याची कल्पना करवत नाही.

२००५च्या सुरुवातीला न्यू ऑर्लीन्सच्या कार्यालयात सुमारे तीन महिने एक छोटा भाग चालवून पाहिला गेला. त्यात फक्त मंजुरीचा वर्कफ्लो होता. एजंट फॉर्म भरतो, तो सुपरवायझरकडे जातो, मंजूर झाला की शेवटी जुन्या एसीएसमध्येच जमा होतो. प्रोटोटाइप म्हणून ही निवड मला अगदी योग्य वाटते. एक कार्यालय, एकच प्रवाह, खरी माणसं, खरे कागद, आणि जुनी प्रणाली आधाराला उभी. फक्त ती तीन वर्षं उशिरा आली. त्यावर घेतलेला निर्णय प्रकल्प बंद करण्याचा होता.

दुसरा प्रयत्न

मार्च २००६मध्ये लॉकहीड मार्टिनला सेंटिनेल या नव्या प्रणालीचं कंत्राट मिळालं. एकूण अंदाज ४२.५ कोटी डॉलर, चार टप्पे, डिसेंबर २००९पर्यंत काम पूर्ण. पहिला टप्पा जून २००७मध्ये आला. ते एसीएसवर चढवलेलं वेबचं आवरण होतं, म्हणजे २००१मध्ये जे करायचं ठरलं होतं साधारण तेच. दुसरा टप्पा रखडला. जुलै २०१०मध्ये एफबीआयने उरलेल्या दोन टप्प्यांचं काम थांबवलं. तोवर ४५.१ कोटींच्या वाढीव अंदाजपत्रकातले ४०.५ कोटी खर्च झाले होते. याच पद्धतीने पुढे गेलो तर किती, याचा बाहेरून अंदाज घेतला तेव्हा उत्तर आलं आणखी सहा वर्षं आणि ३५.१ कोटी.

सप्टेंबर २०१०मध्ये एफबीआयने काम स्वतःकडे घेतलं. कंत्राटी माणसं सुमारे २२०वरून ४०वर आणली. दोन-दोन आठवड्यांच्या फेऱ्या ठरवल्या. प्रत्येक फेरीच्या अखेरीस चालणारी गोष्ट वापरणाऱ्यांसमोर ठेवायची आणि ती चालली तरच काम झालं म्हणायचं. उरलेलं काम ६७० यूजर स्टोरींमध्ये, म्हणजे वापरणाऱ्याला काय करता यायला हवं हे सांगणाऱ्या छोट्या नोंदींमध्ये, मांडलं. बारा महिने आणि दोन कोटी डॉलर, असा बेत.

यशोगाथा सांगणारे इथून पुढे उत्साहात येतात. मला ६७० या आकड्यापाशी थांबावंसं वाटतं. त्या स्टोरी कुठून आल्या? सेंटिनेलच्या आधीच लिहिलेल्या रिक्वायरमेंटमधून. एक प्रणाली पूर्ण फसलेली, दुसरी अर्धी झालेली. दहा वर्षांच्या धडपडीत ‘फाइल म्हणजे काय’ या प्रश्नाची बरीच उत्तरं संस्थेच्या अंगवळणी पडली होती. एफबीआयची ती छोटी तुकडी रिकाम्या जमिनीवर उभी नव्हती. पूर्ण विश्लेषणाची किंमत आधीच कोणीतरी, फार महागात, मोजली होती. दोन आठवड्यांच्या फेऱ्यांनी तिचं चीज केलं, एवढं निश्चित. पण नवा ग्राहक, नवा विषय आणि कोरा डेटाबेस असताना पहिल्या दिवसापासून फेऱ्या मारायला लागणाऱ्याने या प्रकरणाचा दाखला देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

फेऱ्यांनाही एक आंधळी जागा असते आणि ती ऑक्टोबर २०११मध्ये दिसली. फील्ड ऑफिसांतल्या ७४३ जणांनी एकाच वेळी सेंटिनेल वापरून पाहिलं, आणि त्या चाचणीत ती दोनदा बंद पडली. जुनी यंत्रसामग्री भार पेलू शकली नाही. दर पंधरवड्याला होणाऱ्या प्रात्यक्षिकांत हे कळणं शक्यच नव्हतं, कारण तिथे वापरणारे थोडे असतात. नवी सामग्री आणेपर्यंत मुदत पुढे गेली. पण बंद पडली ती चाचणीत पडली, खऱ्या तपासाच्या दिवशी नाही, आणि हा फरक फार मोठा आहे. १ जुलै २०१२ रोजी सेंटिनेल सगळ्या कर्मचाऱ्यांसाठी सुरू झाली.

शोधाचा प्रश्न

सप्टेंबर २०१४मध्ये न्याय खात्याच्या महानिरीक्षक कार्यालयाने वापरणाऱ्यांचं सर्वेक्षण प्रसिद्ध केलं. एकूण काम सुधारल्याचं बहुतेकांनी सांगितलं. तक्रारी मुख्यतः दोन गोष्टींबद्दल होत्या: शोध आणि इंडेक्सिंग. शोधाची सोय वापरणाऱ्यांपैकी फक्त ४२ टक्के म्हणाले की हवं ते बहुधा सापडतं. नावं-पत्ते वेगळे काढून नोंदवण्याचा बोजा एजंटांना जड जात होता.

या दोन तक्रारी एकाच मुळाच्या आहेत. नोंद करणं कंटाळवाणं असेल तर ती कमी होते आणि वेगवेगळ्या हातांनी वेगवेगळी होते. मग शोध एक तर काहीच देत नाही, नाहीतर ढीग ओततो. फॉर्म आणि मंजुरी पंधरवड्याच्या प्रात्यक्षिकात छान दिसतात. शोधाची चाचणी मात्र दहा-वीस नमुना नोंदींवर नेहमीच यशस्वी होते. ती फसते खऱ्या ढिगाऱ्यात, जिथे एका माणसाचं नाव सात प्रकारे लिहिलंय आणि तीन पत्त्यांपैकी दोन जुने आहेत. म्हणून इथे विश्लेषण आणि प्रोटोटाइप असे दोन कप्पे करून चालत नाही. व्यक्ती आणि नोंद यांचं नातं आधी कागदावर मांडायचं, मग एसीएसमधल्या काही लाख जुन्या नोंदी जशा आहेत तशा, चुकांसकट, त्या मांडणीत ओतायच्या. समोर स्क्रीन असलीच तर एका ओळीची, फक्त शोधायची. शेजारी तीन अनुभवी एजंट बसवायचे आणि त्यांना त्यांच्याच जुन्या केसमधली नावं शोधायला सांगायची. जे सापडत नाही ते लिहून घ्यायचं, मांडणी बदलायची, नोंदी पुन्हा ओतायच्या. पहिलं बटण रंगवायच्या आधी हे जितक्या वेळा करता येईल तितक्या वेळा करायचं.